गाडीतील ब्लोअर सुरू न होणे

गाडीतील ब्लोअर सुरू न होणे हा मोटारगाडीच्या विद्युत व्यवस्थेत वारंवार आढळणारा बिघाड आहे. गाडीच्या आतील भागात गरम, थंड किंवा साधी हवा ढकलणाऱ्या विजेवरील पंख्याला ब्लोअर असे म्हणतात. तो डॅशबोर्डच्या आत, बहुधा चालकाशेजारील प्रवाशासमोरच्या कप्प्यामागे बसवलेला असतो. हीटर आणि वातानुकूलन या दोन्ही यंत्रणा याच एका पंख्यावर अवलंबून असल्यामुळे तो बंद पडला की दोन्ही निरुपयोगी होतात. या बिघाडाची कारणे फ्यूज, रिले, वेगनियंत्रक कळ, रोधक, जोडणीच्या तारा, अर्थिंग किंवा प्रत्यक्ष मोटर यांपैकी कोठेही असू शकतात. दोषी भाग शोधणे आणि तो भाग कशामुळे बिघडला हे शोधणे या दोन वेगळ्या गोष्टी असून दुसरीकडे दुर्लक्ष झाल्यास बसवलेला नवा भागही जळतो. क्वचित प्रसंगी आग लागण्याचा धोका उद्भवतो.

मराठीत ‘मोटार’ हा शब्द गाडी आणि विद्युत चलित्र या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. गोंधळ टाळण्यासाठी या लेखात वाहनाला ‘गाडी’ आणि पंखा फिरवणाऱ्या यंत्राला ‘मोटर’ म्हटले आहे.

पार्श्वभूमी

आरंभीच्या मोटारगाड्या उघड्या असत आणि प्रवासी घोंगड्या, लोकरी कपडे यांवरच भागवत. पुढे बंदिस्त गाड्या आल्या आणि इंजिनाची वाया जाणारी उष्णता आत आणण्याचे अनेक प्रयोग झाले. अमेरिकेतील नॅश कंपनीने १९३८ मध्ये बाहेरची हवा गाळून घेऊन, ती इंजिनाच्या गरम पाण्याच्या जाळीवरून नेऊन आत सोडणारी व्यवस्था आपल्या गाड्यांत दिली. आजच्या हीटरची मूळ कल्पना हीच आहे. इंजिन थंड ठेवण्यासाठी फिरणाऱ्या द्रवाचा एक फाटा डॅशबोर्डमागील छोट्या जाळीतून नेला जातो आणि ब्लोअर त्या जाळीवरून हवा ढकलतो. म्हणजे उष्णता इंजिन पुरवते. ब्लोअर केवळ वाहक आहे.

ब्लोअर ही चैनीची वस्तू आहे असा समज उष्ण प्रदेशात असतो, तो बरोबर नाही. पुढील काचेवरील हिम किंवा आतून साचणारे बाष्प घालवण्याचे काम ब्लोअरच करतो. अमेरिकेचे संघीय वाहन सुरक्षा मानक क्रमांक १०३ आणि युरोपीय समुदायाचा १९७८ चा निर्देश, हे दोन्ही काच स्वच्छ करणाऱ्या या व्यवस्थेसंबंधीच आहेत.

महाराष्ट्रात हिमाचा प्रश्न नाही, परंतु बाष्पाचा आहे. २८ अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश असतो. पावसाने सतत धुतली जाणारी काच याहून थोडी जरी थंड झाली, तरी आतल्या हवेतील बाष्प तिच्यावर थेंबांच्या रूपाने जमते. त्यात काचा बंद आणि आत चार माणसांचा श्वासोच्छ्वास. बोरघाट, माळशेज किंवा आंबोलीच्या चढणीवर जुलै महिन्यात ब्लोअर बंद पडल्यास समोरचा रस्ता मिनिटाभरात दिसेनासा होऊ शकतो. म्हणून ‘आपल्याकडे हीटर लागतोच कुठे’ असे म्हणून ही दुरुस्ती हिवाळ्यापर्यंत लांबणीवर टाकणे योग्य ठरत नाही.

रचना आणि विद्युतप्रवाहाचा मार्ग

ब्लोअरचा पंखा घरातील छताच्या पंख्यासारखा पात्यांचा नसून खारीच्या पिंजऱ्यासारखा दंडगोलाकार असतो. त्याच्या परिघावर अनेक अरुंद पाती असतात. हवा मध्यातून आत येते आणि केंद्रोत्सारी क्रियेने परिघाकडून बाहेर फेकली जाते. पंखा फिरवणारी मोटर १२ व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालते. तिच्यात स्थायी चुंबक, फिरणारे आर्मेचर, तांब्याचा दिक्परिवर्तक आणि त्यावर घासत राहणारे दोन किंवा अधिक कार्बनचे ब्रश असतात. मध्यम आकाराच्या गाडीत सर्वोच्च वेगावर ही मोटर साधारणपणे १५ ते २५ अँपिअर प्रवाह घेते. गाडीच्या आतील उपकरणांत हा मोठा भार आहे आणि पुढे वर्णन केलेले बहुतेक बिघाड या एका गोष्टीतूनच उद्भवतात.

बॅटरीतून निघालेला प्रवाह प्रथम फ्यूजमधून जातो. नंतर रिले येतो. रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारी विद्युतचुंबकीय कळ. किल्ली ‘ऑन’ स्थितीत असेल तेव्हाच हा रिले जोडला जातो, म्हणून अनेक गाड्यांत केवळ संगीत ऐकण्याच्या स्थितीत किल्ली ठेवली तर ब्लोअर चालत नाही. तो बिघाड नव्हे. रिलेनंतर प्रवाह मोटरकडे, रोधकांच्या संचाकडे आणि वेगनियंत्रक कळीकडे जातो व शेवटी अर्थिंगच्या तारेने गाडीच्या लोखंडी सांगाड्यात मिळून बॅटरीच्या ऋण टोकाकडे परततो.

वेग कमी-जास्त करण्याची जुनी आणि आजही सर्वाधिक आढळणारी रीत म्हणजे मोटरशी एकसर जोडणीत रोधक घालणे. पहिल्या वेगावर प्रवाह सर्व रोधकांतून जातो, दुसऱ्यावर त्यांतील काहींतून, आणि सर्वोच्च वेगावर रोधक पूर्णपणे वगळले जाऊन मोटरला बॅटरीचे पूर्ण विभवांतर मिळते. रोधकात विजेची उष्णता होते. ती वाहून नेण्यासाठी हा संच मुद्दाम ब्लोअरच्या हवेच्या वाटेत बसवलेला असतो. गॅरेजमध्ये त्याला सर्रास ‘रजिस्टर’ म्हटले जाते. शाळेतील हजेरीपटाशी त्याचा काही संबंध नाही, तो ‘रेझिस्टर’ शब्दाचा अपभ्रंश आहे.

एक गोष्ट तपासणीपूर्वी माहीत असणे आवश्यक आहे. काही गाड्यांत कळ आणि रोधक हे मोटरच्या आधी, धन बाजूला असतात. पण अनेक गाड्यांत ते मोटरच्या नंतर, म्हणजे अर्थिंगच्या बाजूला असतात. दुसऱ्या रचनेत किल्ली फिरवताच मोटरच्या एका टोकाशी १२ व्होल्ट येऊन थांबलेले असतात आणि कळ फक्त परतीची वाट मोकळी करते. ही रचना लक्षात न घेता एका टोकाशी चाचणीदिवा पेटला म्हणून मोटर खराब असा निष्कर्ष काढणे ही फार प्रचलित चूक आहे. वीज मोटरपर्यंत आलेली असते, तिला बाहेर पडायला वाट नसते.

लक्षणांवरून अनुमान

‘हीटर चालत नाही’ या तक्रारीत किमान तीन निरनिराळे बिघाड दडलेले असतात. हवा येते पण ती गरम नसते, तेव्हा ब्लोअर निर्दोष असतो. दोष इंजिनाचे शीतक द्रव कमी होणे, थर्मोस्टॅट उघडा अडकणे, हीटरची जाळी तुंबणे किंवा गरम-थंड हवा मिसळणारी झडप न हलणे यांपैकी असतो. पंखा फिरल्याचा आवाज येतो पण जाळ्यांतून हवा येत नाही, तेव्हा हवागाळणी तुंबलेली असते, पंखा मोटरच्या दांड्यावरून निसटलेला असतो किंवा दिशा बदलणारी झडप मिटलेली असते. आवाजही नाही आणि हवाही नाही, हाच या लेखाचा खरा विषय. म्हणून प्रथम इंजिन बंद ठेवून, किल्ली ‘ऑन’ करून, शांतपणे कान देणे हितावह असते.

ब्लोअर फक्त सर्वोच्च वेगावर चालतो आणि बाकीच्या वेगांवर गप्प असतो, हे लक्षण जवळपास निर्णायक आहे. रोधकांचा संच किंवा त्यावरील तापफ्यूज तुटलेला असतो. सर्वोच्च वेगाची वाट रोधकांना वगळून जात असल्याने तेवढी शाबूत राहते. याउलट खालचे सर्व वेग चालतात पण सर्वोच्च वेग चालत नाही, तेव्हा त्या वेगासाठी असलेला स्वतंत्र रिले, त्याचा फ्यूज किंवा कळीतील जळलेला संपर्क यांवर संशय घ्यावा. मधलाच एखादा वेग नाहीसा झाला असेल तर रोधकाचा तेवढाच फेरा किंवा कळीचा तेवढाच संपर्क गेलेला असतो.

कोणत्याच वेगावर ब्लोअर चालत नसेल तर सर्व वेगांना समान असलेल्या भागांकडे वळावे लागते. ते म्हणजे मुख्य फ्यूज, मुख्य रिले, मोटर आणि अर्थिंग. ब्लोअर कधी चालतो, कधी नाही, खड्ड्यात गाडी आदळली की सुरू होतो, अशा वेळी ढिला जोड किंवा झिजलेले ब्रश कारणीभूत असतात. बंद मोटरच्या आवरणावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकले असता ती फिरू लागली, तर ब्रश झिजून दिक्परिवर्तकाला टेकेनासे झाले आहेत असे मानण्यास हरकत नाही. ठोकून सुरू झालेली मोटर दुरुस्त झालेली नसते. ती पुन्हा थांबणार, आणि बहुधा अडचणीच्याच वेळी.

तपासणी

तपासणीसाठी चाचणीदिवा आणि साधा मल्टिमीटर एवढी साधने पुरतात. गाडीच्या मालकपुस्तिकेतील फ्यूजचा तक्ता जवळ असावा, कारण ब्लोअरचा फ्यूज काही गाड्यांत डॅशबोर्डखाली तर काहींत बॉनेटखालच्या पेटीत असतो. क्वचित दोन्हीकडे एकेक असतो. डॅशबोर्ड उघडताना पिवळ्या आवरणाच्या तारा आणि पिवळे जोड एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नये. कोणताही भाग काढण्यापूर्वी किल्ली बंद करून बॅटरीचे ऋण टोक सोडवावे आणि पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे.

फ्यूज डोळ्यांनी पाहून समाधान मानू नये. पात्याच्या आकाराच्या फ्यूजच्या माथ्यावर धातूचे दोन बारीक ठिपके उघडे ठेवलेले असतात. किल्ली ‘ऑन’ असताना दोन्ही ठिपक्यांवर चाचणीदिवा पेटला तर फ्यूज चांगला. एकावर पेटला आणि दुसऱ्यावर नाही तर तो तुटलेला. दोन्हींवर नाही तर वीज फ्यूजपर्यंतच पोहोचत नाही आणि शोध आणखी मागे, रिले वा किल्लीच्या कळीकडे न्यावा लागतो. या फ्यूजचे रंग ठरलेले आहेत. १० अँपिअरचा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा, २५ चा पारदर्शक, ३० चा हिरवा आणि ४० चा नारिंगी असतो. उडालेल्या फ्यूजच्या जागी अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणे हा या सबंध विषयातील सर्वांत घातक प्रकार आहे. फ्यूजचा अंक तारेची जाडी पाहून ठरवलेला असतो. ३० च्या जागी ४० चा फ्यूज घातला, तर बिघाड झाल्यावर फ्यूजऐवजी डॅशबोर्डमधील तार वितळण्याची शक्यता निर्माण होते.

रिलेची परीक्षा सोपी आहे. किल्ली किंवा कळ चालू करताना त्यावर बोट ठेवले असता बारीक टिचकी जाणवते. मात्र टिचकी म्हणजे आतील विद्युतचुंबक काम करतो एवढाच पुरावा. संपर्काचे पृष्ठभाग काळे पडले असतील तर टिचकी होऊनही वीज पुढे जात नाही. पेटीत तंतोतंत त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, असेल तर दोघांची अदलाबदल करून पाहता येते.

यानंतरची पायरी निर्णायक आहे. मोटरचा जोड न काढता, कळ सर्वोच्च वेगावर ठेवून, मोटरच्या दोन टोकांमधील विभवांतर मल्टिमीटरने मोजावे. मीटरची काळी कांडी सांगाड्याला न लावता मोटरच्याच दुसऱ्या टोकाला लावावयाची असते. येथे १२ व्होल्टच्या आसपास आकडा मिळाला आणि तरीही मोटर स्थिर असेल, तर मोटर दोषी आहे याबद्दल शंका उरत नाही. आकडा शून्य आला, तर दोष मोटरबाहेर आहे. मग काळी कांडी बॅटरीच्या ऋण टोकाला जोडून मोटरची दोन्ही टोके स्वतंत्रपणे तपासावीत. दोन्हीकडे १२ व्होल्ट आढळले तर परतीची वाट, म्हणजे अर्थिंग किंवा त्या बाजूची कळ, तुटलेली आहे. दोन्हीकडे शून्य आढळले तर येणारी वाट तुटलेली आहे.

आकडा धड १२ नाही आणि शून्यही नाही, समजा ७ व्होल्ट, असे दिसले तर वाटेत कोठेतरी नको असलेला रोध आहे. असा दोष भार असतानाच प्रकट होतो. मोटरचा जोड काढून मोकळ्या तारेवर मोजले, तर प्रवाहच नसल्याने गंजलेल्या जोडातूनही मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि तपासणारा फसतो. अशा वेळी मोकळ्या तारांना वळणदिव्याचा २१ वॅटचा बल्ब लावून पाहावा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर घेतो. त्या भारानेच जर बल्ब मंद जळत असेल, तर २० अँपिअर मागणारी मोटर त्या वाटेवर चालणार नाही हे उघड आहे. अर्थिंग चांगले असेल तर ब्लोअर पूर्ण वेगाने चालू असताना त्याचे अर्थिंगचे टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांमधील फरक व्होल्टच्या एक-दोन दशांशांपलीकडे जात नाही.

मोटर बाहेर काढल्यावर फ्यूज बसवलेल्या तारेने तिला थेट बॅटरीवर चालवून पाहण्याची पद्धत आहे. स्थायी चुंबकाची मोटर तारा उलट जोडल्यास उलट फिरते. गंमत अशी, की पिंजऱ्यासारखा पंखा उलट फिरला तरी हवा त्याच दिशेने, परंतु बरीच कमी, बाहेर टाकतो. नवी मोटर बसवल्यावर ‘चालते पण जोर नाही’ अशी तक्रार आली, तर तारांची अदलाबदल झाली नाही ना हे आधी पाहावे.

जोड का वितळतो

ब्लोअरच्या दुरुस्तीत वितळलेले, तपकिरी पडलेले प्लास्टिकचे जोड वारंवार दिसतात आणि फ्यूज मात्र शाबूत असतो. ‘एवढे जळेपर्यंत फ्यूज उडाला कसा नाही’ हा प्रश्न गाडीमालक विचारतात. त्याचे उत्तर शालेय भौतिकशास्त्रात आहे. ओहमच्या नियमानुसार ०.१ ओहम रोध असलेल्या ढिल्या जोडातून २० अँपिअर प्रवाह गेला, तर त्या जोडावर २ व्होल्ट खर्च होतात आणि २० गुणिले २, म्हणजे ४० वॅट उष्णता एका नखाएवढ्या जागेत निर्माण होते. हे सोल्डरिंगच्या तापलेल्या कांडीइतके आहे. त्याच वेळी वाटेत रोध वाढल्याने एकूण प्रवाह किंचित कमीच झालेला असतो. फ्यूजला दिसतो तो फक्त प्रवाह. जोड तापतो आहे हे त्याला कळण्याचा कोणताही मार्ग नाही. तापलेल्या पितळी पात्याची पकड सैल होते, रोध आणखी वाढतो, उष्णता आणखी वाढते आणि हे चक्र प्लास्टिक वितळेपर्यंत चालते. म्हणून रोधक किंवा कळ बदलताना जोडाचे तोंड काळवंडलेले आढळल्यास तोही तारेच्या तुकड्यासह बदलावा. जुन्या सैल जोडात नवा रोधक बसवणे म्हणजे तोच खर्च पुन्हा करण्याची तजवीज होय.

रोधक का जळतो

रोधक हा स्वस्त भाग असून तो बदलण्यास वेळही थोडा लागतो. त्यामुळे तो जळाला की बदलून टाकण्याची प्रथा पडली आहे. परंतु निरोगी मोटरबरोबर चांगला रोधक वर्षानुवर्षे टिकतो. दर काही महिन्यांनी तो जळत असेल तर दोष दुसरीकडे असतो.

फिरणाऱ्या मोटरच्या आर्मेचरमध्ये बाहेरून दिलेल्या विभवांतराला विरोध करणारे विभवांतर निर्माण होते. वेग जितका अधिक तितका हा विरोध अधिक आणि प्रवाह तितका कमी. मोटर जखडली, तर हा विरोध नाहीसा होतो. उदाहरणादाखल, मोटरच्या गुंडाळीचा रोध ०.४ ओहम आणि पहिल्या वेगाचा रोधक २ ओहमचा धरला, तर जखडलेल्या मोटरच्या वाटेतून १२ भागिले २.४, म्हणजे ५ अँपिअर प्रवाह जातो. ३० अँपिअरच्या फ्यूजला त्याची दखलही घ्यावी लागत नाही. रोधकात मात्र ५० वॅट उष्णता निर्माण होते आणि पंखा थांबलेला असल्याने ती वाहून नेणारी हवा नसते. नेमक्या याच परिस्थितीसाठी रोधकाच्या पाटीवर तापफ्यूज बसवलेला असतो. ठरलेल्या तापमानाला तो कायमचा तुटतो. तो तुटणे हा बिघाड नसून इशारा आहे. त्याला तारेने वळसा घालणे, किंवा भलत्या तापमानाचा तापफ्यूज डकवणे, म्हणजे शेवटचे संरक्षण काढून टाकणे होय.

ब्रिटनमधील व्हॉक्सहॉल झाफिरा बी या गाड्यांच्या बाबतीत हे प्रकरण राष्ट्रीय पातळीवर गाजले. साध्या, स्वयंचलित नसलेल्या हीटरच्या या गाड्यांना आगी लागू लागल्या आणि संशय ब्लोअरच्या रोधकाभोवती केंद्रित झाला. आरंभी कंपनीने तापफ्यूजच्या अयोग्य दुरुस्तीकडे बोट दाखवले. २०१५ च्या अखेरीस दोन लाखांहून अधिक गाड्या तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या. त्यानंतरही दुरुस्त झालेल्या काही गाड्यांना आगी लागल्या, आणि २०१६ मध्ये दुसऱ्यांदा गाड्या बोलावून मोटरकडेही लक्ष द्यावे लागले. ब्रिटिश संसदेच्या परिवहन समितीने २०१७ च्या आपल्या अहवालात कंपनीच्या दिरंगाईवर कठोर टीका केली. तापफ्यूज कोणी चुकीचा जोडला एवढ्यावर न थांबता, तो मुळात तुटत का होता हा प्रश्न लवकर विचारला जाणे आवश्यक होते, असे या घटनाक्रमावरून दिसते.

मोटर जड का होते? वंगण सुकणे, दांड्याच्या आधाराला गंज चढणे, ब्रशची भुकटी साचणे आणि पंख्यात कचरा अडकणे ही त्याची सामान्य कारणे होत. हाताने फिरवल्यावर पंखा सहज दोन-तीन फेरे घेऊन थांबला पाहिजे. तो लगेच अडखळला, घासला किंवा किरकिरला, तर रोधकाबरोबर मोटरही बदलणे शहाणपणाचे ठरते.

तुंबलेल्या हवागाळणीबाबत एक गैरसमज रूढ आहे. गाळणी तुंबली की मोटरवर ताण येऊन ती जास्त प्रवाह घेते, असे समजले जाते. केंद्रोत्सारी पंख्याचे वर्तन याच्या उलट असते. हवा कमी सरकली की पंख्याला कामही कमी पडते आणि प्रवाह घटतो. तरीही तुंबलेली गाळणी रोधकाला घातक आहेच, पण वेगळ्या कारणाने: रोधक आणि मोटर यांना थंड ठेवणारी हवा कमी पडते. परिणाम तोच, कारण निराळे.

पाणी, पाने आणि उंदीर

पुढील काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीतून बाहेरची हवा ब्लोअरकडे जाते. पावसाचे पाणी तेथेच उतरते आणि दोन बाजूंच्या निचऱ्याच्या छिद्रांतून खाली गळून जाते. गाडी गुलमोहर किंवा शिरीषाच्या झाडाखाली उभी राहत असेल तर बारीक पानांनी ही छिद्रे बुजतात, पाणी तुंबते आणि हवेच्या वाटेने थेट ब्लोअरवर येते. प्रवाशाच्या पायाखालचा गालिचा ओला आढळणे आणि काही दिवसांनी ब्लोअर बंद पडणे यांचा संबंध पुष्कळदा असाच असतो. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच, ही जागा मोकळी करणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

फार दिवस उभ्या असलेल्या गाडीत उंदीर याच वाटेने शिरतात. हवागाळणीवर चिंध्या आणि कापूस यांचे घरटे, पंख्यात अडकलेले शेंगांचे टरफल, कुरतडलेली तार असे प्रकार सापडतात. ब्लोअर सुरू करताना खडखडाट आणि दुर्गंधी आल्यास कळ पुन्हा पुन्हा फिरवून पाहू नये.

स्वयंचलित तापमाननियंत्रणाच्या गाड्या

तापमान आकड्यात ठरवता येणाऱ्या गाड्यांत रोधकांचा संच नसतो. त्याच्या जागी अर्धवाहकाचे नियंत्रक असते. ते मोटरचा प्रवाह सेकंदाला अनेकदा चालू-बंद करून किंवा ट्रान्झिस्टरद्वारे रोखून वेग हवा तसा राखते. येथे ‘फक्त सर्वोच्च वेग चालतो’ हे लक्षण उपयोगी पडत नाही, कारण नियंत्रक गेला की बहुधा सर्वच वेग जातात, किंवा ब्लोअर किल्ली बंद केल्यावरही एकाच वेगाने चालत राहून बॅटरी उतरवतो. नियंत्रकाला वीज, अर्थिंग आणि संदेशाची तार अशा किमान तीन वाटा लागतात. पहिल्या दोन चाचणीदिव्याने तपासता येतात. संदेशाच्या तारेला मात्र चाचणीदिवा लावू नये. त्याचा भार नाजूक परिपथ बिघडवू शकतो. तिच्यासाठी मल्टिमीटर किंवा निदानयंत्रच वापरावे लागते. शिवाय अशा अनेक गाड्या हीटर लावला तरी इंजिन थंड असेपर्यंत ब्लोअर मुद्दाम बंद किंवा मंद ठेवतात. थंडीच्या सकाळी पहिली काही मिनिटे हवा आली नाही म्हणून गॅरेज गाठण्याचे कारण नसते.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत इंजिनाची उष्णता नसल्याने हवा तापवण्यासाठी उच्च विभवांतरावर चालणारी तापक जाळी किंवा उष्णता-पंप असतो. ब्लोअरची मोटर बहुधा १२ व्होल्टवरच चालते आणि वरील तपासणी तिलाही लागू पडते. पण तिच्या शेजारून जाणाऱ्या नारिंगी तारांत शेकडो व्होल्ट असू शकतात आणि त्या प्रशिक्षित तंत्रज्ञाशिवाय कोणीही हाताळावयाच्या नसतात.

प्रवासात ब्लोअर बंद पडल्यास

घाटात किंवा पावसात ब्लोअर थांबला, तर प्रथम गाडी रस्त्याकडेच्या सुरक्षित जागी उभी करून धोक्याचे दिवे लावावेत. हवेची कळ आतील हवा फिरवण्याऐवजी बाहेरील हवा घेण्यावर ठेवावी. गाडी चालत असताना पुढून येणाऱ्या वाऱ्याच्या जोराने थोडी हवा आपोआप काचेपर्यंत पोहोचते. दोन्ही बाजूंच्या काचा दोन-तीन बोटे उघडल्याने आतील आणि बाहेरील आर्द्रतेतला फरक कमी होतो. काच आतून स्वच्छ, कोरड्या सुती फडक्याने पुसावी; तळहाताने पुसल्यास तेलकट थर राहतो आणि समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यावर पसरून अधिकच दिसेनासे होते. अनेक गाड्यांत ब्लोअर बंद असताना वातानुकूलनाचा कॉम्प्रेसर चालतच नाही, त्यामुळे त्याची कळ दाबून लाभ होत नाही. फक्त खालचे वेग गेले असतील तर सर्वोच्च वेगावर, आवाज सहन करून, घर गाठता येते. जळका वास येत असल्यास ब्लोअरची कळ शून्यावर आणून त्याचा फ्यूज काढून ठेवावा आणि काचेतून रस्ता स्पष्ट दिसत नसेल तर पाऊस ओसरेपर्यंत थांबावे.